घरामागची अंजनी: बी ते बहर

११ जून २०१६
घराची मागची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये आठ बाय बारा फुटांचा पट्टा आहे. सकाळी साडेसातपासून बारापर्यंत ऊन, मग भिंतीची सावली. आजवर तिथे जे लावले ते एकतर टाकीच्या झाकणापर्यंत फोफावले, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकून बसले. या वेळी विचार करून लावायचे. आपल्या रानातले हवे, दहा-पंधरा फुटांत आवरणारे हवे, फुलले पाहिजे, आणि पाखरांना टिपता येतील अशी फळे धरली पाहिजेत.

कुडा सुरेख फुलतो, पण फळे म्हणजे लांब शेंगा. त्या पाखरांच्या काय कामाच्या? करवंद लावले तर टाकीवर चढताना रोज काटे. भोकर बघता बघता हाताबाहेर जाते. कुंती जिकडेतिकडे कुंपणाला असतेच. शेवटी अंजनीवर खूण केली.

ती मनात कधीची होती. महाबळेश्वरला मार्चमध्ये पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटले, फांदीला कुणीतरी निळी लोकर गुंडाळली आहे. पाने वर शेंड्याकडे, फुले खाली जून लाकडाला चिकटून. तिथले सदाहरित जंगल वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या तीन झाडांच्या नावाने ओळखतात त्यांत ही पहिली: अंजनी, जांभूळ, पिसा. साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस खाणारी आणि मग सात-आठ महिने कोरड्या वाऱ्यात उभी राहणारी ही झाडे. कोकणातल्या देवरायांतही ती आहे, म्हणजे थंड हवाच पाहिजे असे नाही.

(समासात, २०२२: "जून लाकडाला चिकटून". स्वतःच्या हाताने लिहिलेले वाक्य. वाचले असते तर!)

२ जुलै २०१६
टपालाने मागवलेले बियांचे पाकीट आले. वर "अंजन, देशी, खात्रीचे". आत चपट्या, कागदासारख्या शेंगा, प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी. अंजनीचे फळ वाटाण्याएवढे गोल असते. हे काय आले?

तासभर शोधल्यावर उलगडा झाला. मराठीत अंजन दोन आहेत. हा अंजन म्हणजे कोरड्या, खडकाळ मुलखातला मोठा वृक्ष, हार्डविकिया बायनाटा, पान आपट्यासारखे जोडीचे. माझी अंजनी म्हणजे मेमेसायलॉन अम्बेलॅटम. हिलाही लोक सर्रास अंजन म्हणतात. पाठवणाऱ्याचे चुकले असे म्हणता येत नाही, मी तरी कुठे शास्त्रीय नाव लिहिले होते? पण विचारल्यावर "दोन्ही एकच, बाई" हे जे उत्तर आले, त्याने डोके फिरले.

हे नाव बर्मन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये दिले. अम्बेलॅटम म्हणजे छत्रीसारखा फुलोरा असलेली. यापुढे काहीही मागवताना हेच नाव लिहायचे.

शेंगा मोकळी जमीन असलेल्या एका नातेवाइकांना दिल्या. अंजनीचा हंगाम हुकला. आता पुढचा जून.

१८ जून २०१७
ओळखीतल्या एका काकांच्या आवारात जुनी अंजनी आहे. त्यांनी फळे वेचून ठेवली होती. जंगलातून आणायचा मोह झाला होता, पण राखीव वनातून फळ काय, काडी उचलणेही १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. आणि ते नसते तरी, पाखरांच्या तोंडचे कशाला काढायचे?

चाळीस फळे. पिकलेली काळी-जांभळी, अर्धवट पिकलेली तांबूस. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक गोल कडा: फुलाचा पेला गळून न पडता तसाच राहिलेला, डाळिंबाच्या मुकुटासारखा, फक्त टाचणीच्या डोक्याएवढा. गर पातळ, जरा गोड, मागाहून तुरट. आत एकच बी.

असल्या रसाळ फळांची बी वाळवून ठेवली तर बहुधा जीव सोडते, म्हणून आजच पेरल्या. वीस बिया गरासकट, वीस धुऊन, बोटांनी चोळून, गुळगुळीत करून. दोन ट्रे. माती: जांभ्याची दोन भाग, पानांचे कुजलेले खत एक भाग, वाळू एक भाग. बी बोटाच्या एका पेराएवढी खोल.

९ जुलै २०१७
काही नाही. गरवाल्या ट्रेवर पांढरी बुरशी.

२९ जुलै २०१७
एकेचाळिसाव्या दिवशी धुतलेल्या ट्रेमध्ये माती उचलली गेली. पहिल्यांदा वाटले गांडूळ असेल. दुपारपर्यंत वाकडा हिरवा देठ वर आला आणि त्यावर दोन बीजपत्रे, पण कशी? कुणी खिशात कोंबलेला हिरवा कागद बाहेर काढावा तशी, चुरगळलेली. बीच्या आत ती दुमडून भरलेली असतात. पूर्ण उलगडायला चार दिवस लागले, तरी सुरकुत्या राहिल्याच.

२० ऑगस्ट २०१७
अखेरची मोजणी. धुतलेल्या २० पैकी ११ रुजल्या. गरासकट २० पैकी ३. पाखरू फळ खाते तेव्हा गर काढायचे काम तेच करते, आपण ते टाळले तर बुरशी करते.

१५ ऑक्टोबर २०१७
खऱ्या पानांची पहिली जोडी. समोरासमोर, जाड, वरून चकचकीत. उंची जेमतेम पाच सेंटिमीटर. गोगलगायींनी एका रात्रीत तीन रोपे संपवली. आता ट्रेभोवती राखेची रेघ. पाऊस पडला की रेघ पुन्हा ओढायची, हा नवा उद्योग.

४ मार्च २०१८
सात रोपे. सगळ्यात उंच नऊ सेंटिमीटर. सासूबाई रोज चहा घेऊन मागे येतात. आज म्हणाल्या, "अगं, हे रोप आहे की चित्र? गेल्या महिन्यात एवढंच होतं."

१० जून २०१८
माझी चूक. सासूबाईंच्या बोलण्याचा राग रोपांवर काढला. दहा दिवसांत दोनदा शेणखताचे पाणी आणि वर चिमूटभर युरिया. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. दोन रोपे गेली. उरलेल्या पाचांची कुंडी तीनदा भरभरून पाणी ओतून धुतली. कमी खतात वाढायची सवय असलेल्या झाडाला असे कोंबून चालत नाही.

२३ जून २०१९
दोन वर्षांत चौतीस सेंटिमीटर. सर्वांत जोमदार रोप जमिनीत लावले. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला मुरूम, वर इथलीच काळी माती आणि शेणखत. आळे केले. बाकीच्या चारांपैकी दोन मोठ्या कुंड्यांत राखीव, दोन काकांना परत.

पाऊस चांगला आहे. आता हिला सोडून द्यायचे.

१९ जानेवारी २०२०
सोडून दिले ते महागात पडले. पावसाळ्यानंतर आलेली सगळी पाने फिकट, पोपटीहून पिवळी. कुंडीतली दोन रोपे मात्र गडद हिरवी.

लोह कमी पडले की पान पिवळे आणि शिरा हिरव्या राहतात, असे सगळीकडे लिहिलेले असते. पण अंजनीच्या पानाला शिरा दिसतातच कुठे? तिच्या कुळातल्या बहुतेक झाडांच्या पानांवर देठापासून टोकापर्यंत तीन-पाच ठसठशीत शिरा धावतात. हिने तेवढ्यात वेगळेपणा केला आहे. पान उजेडाला धरले तरी फक्त मधली शीर. म्हणून लक्षण ओळखायला तीन महिने उशीर झाला.

मातीचा सामू (आम्लता मोजणारा आकडा, pH) तपासला: ८.१, म्हणजे अल्कधर्मी. अशा मातीत लोह असले तरी मुळांना मिळत नाही. बोअरच्या पाण्याने बादलीत पांढरा थर बसतो, तेच पाणी इथे वर्षभर. जांभ्याच्या आम्ल मातीतली पोर आणून चुनखडीत बसवली मी.

वाचताना एक मजेदार गोष्ट सापडली. अंजनी मातीतले ऍल्युमिनियम ओढून पानांत साठवते. बहुतेक झाडांना ते विष, हिला नाही. ऍल्युमिनियम विरघळते आम्ल मातीत, म्हणजे जांभा तिच्या अंगवळणी का पडला असेल ते कळते. आणि म्हणूनच हिची पाने रंगाऱ्यांना हवी असायची: चटयांना पिवळा रंग द्यायला, आणि कापडावर लाल रंग पक्का धरवायला. तुरटीही त्याच कामाला वापरतात, आणि तुरटी म्हणजे ऍल्युमिनियमचेच मीठ. झाड जणू स्वतःची तुरटी पानात बाळगून होते.

२ फेब्रुवारी २०२०
तात्पुरता इलाज: बुंध्यापासून वीतभर लांब गंधकाची अर्धी मूठ, त्यावर पानांचे जाड आच्छादन. गंधकाचे आम्ल मातीतले जीवाणू करतात, त्याला महिने लागतात. पाणी फक्त पिंपातले साठवलेले.

५ जुलै २०२०
इलाज पुरत नाही. माती बदलायला हवी, झाड नव्हे. पहिला जोरदार पाऊस झाल्यावर मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट रोप उचलले. त्याच जागी जांभ्याची माती आणि पानांचे खत मिसळून दीड फूट उंच, चार फूट रुंद चौथरा केला आणि त्यावर लावले. बाजूने विटा, फटी मोकळ्या. काळ्या मातीचा चिखल आता मुळांच्या खाली, निचरा बाजूने. पन्हाळीचे पाणी नळीने थेट पिंपात.

उचलताना पाहिले, वर्षभरात मुळे जुन्या गोळ्याबाहेर चार बोटेही गेली नव्हती.

११ ऑक्टोबर २०२०
नवी पालवी हिरवी. एवढेच लिहायचे होते.

१७ ऑक्टोबर २०२१
उंची १.१ मीटर. आडव्या फांद्या जमिनीलगत फुटतात, झुडपासारख्या. झाडाचा आकार यावा म्हणून खालच्या चार कापल्या. लाकूड बोटाएवढे जाड, पण कात्री दोनदा सटकली. इंग्रजीत आयर्नवुड म्हणतात हिला, ते उगाच नाही.

१३ फेब्रुवारी २०२२
खोडाला आणि जुन्या फांद्यांना कीड. जिथे पूर्वी पानांच्या जोड्या होत्या, त्या पेरांवर दोन्ही बाजूंना राखाडी-तपकिरी उंचवटे, मोहरीएवढे, काही ज्वारीएवढे. खवले कीड नक्की. फांदीवर मुंग्याही फिरत होत्या, आणि मुंग्या असल्या की खवले किंवा मावा असायचाच.

साबणाचे पाणी, जुना दात घासायचा ब्रश, दोन तास. काही उंचवटे ब्रशने निघेनात, ते नखाने खरवडले. सव्वाशेच्या वर काढले असतील. खोड कसे स्वच्छ दिसतेय. फोटो काढला.

२४ एप्रिल २०२२
फुले नाहीत. पाच वर्षांचे झाड, इतक्यात कशाला येतील.

१७ डिसेंबर २०२२
काकांकडे गेले होते. त्यांची अंजनी माझ्या झाडाच्या दुप्पट वयाची तरी असेल. फांद्या खालून वर पाहत होते आणि पोटात गोळा आला. प्रत्येक जुन्या पेरावर तेच उंचवटे, माझ्याहून मोठे, हरभऱ्याएवढे, खडबडीत. मी म्हटले, "काका, तुमच्या झाडाला केवढी कीड!"

काका हसले नाहीत, ते फार सज्जन आहेत. नुसते म्हणाले, "अगं, फुलं तिथूनच येतात."

पान गळून गेले तरी त्याच्या बगलेतली जागा जिवंत राहते. तिथून फुलोरा येतो, झडतो, पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच. दरवर्षी गाठ थोडी जाड होते. म्हणून फुले पानांत कमी आणि उघड्या लाकडावर जास्त. आणि मी ब्रश घेऊन बसले होते.

खवले आणि गाठ यांतला फरक काकांनी दाखवला, तो लिहून ठेवते. नख कडेला घालून उचलायचे. खवला असेल तर टोपीसारखा अख्खा सुटतो, खाली ओलसर डाग राहतो, आणि तो पेराची पर्वा न करता कुठेही बसलेला असतो. गाठ सुटत नाही, खरवडली तर हिरवे-पांढरे लाकूड दिसते, आणि ती नेहमी पेरावरच, समोरासमोर जोडीने. जोडीने असते एवढे जरी माझ्या लक्षात आले असते! किडे काही रांगेत, अंतर मोजून बसत नाहीत.

आणि २०२१ मध्ये कापलेल्या खालच्या चार फांद्या? सगळ्यांत जुने लाकूड तेच होते.

मुंग्यांचे काय, विचारले. म्हणाले, "मुंग्या कुठं नसतात?"

१९ मार्च २०२३
या वर्षीही काही नाही. खरवडलेल्या जागी साल भरून आली आहे, काही ठिकाणी पुन्हा बारीक टेंगळे. हात पाठीमागे बांधून पाहायचे. कात्री कपाटात.

२५ फेब्रुवारी २०२४
दोन गाठींवर गुलाबी ठिपके. सासूबाईंनी आधी पाहिले. मला हाक मारली ती अशी की मी गॅस बंद न करता धावले.

९ मार्च २०२४
फुलली. तीन झुबके, सगळे खोडाच्या मधल्या भागात, कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे ब्रश जिथे नीट पोचला नव्हता तिथे, भिंतीच्या बाजूला.

भिंग घेऊन बसले. आखूड देठांच्या छत्रीत पंधरा-वीस फुले. प्रत्येकाचा पेला गुलाबी, उथळ बशीसारखा. पाकळ्या चार, निळ्या, पण आकाशाचा निळा नव्हे, शाईच्या दौतीत पाणी पडल्यावर येतो तो. पुंकेसर आठ, तेही निळे, त्यांच्या पाठीवर खळगी असलेली इवलीशी ग्रंथी, भिंगाशिवाय दिसणार नाही. एक फूल माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. एकटे ठेवले तर कुणी वळून पाहणार नाही, झुबक्यात मात्र करड्या सालीवर पेटल्यासारखे दिसते.

फोटोत हा रंग येत नाही. एकदा जांभळा येतो, एकदा निळा. नाद सोडला.

२० मार्च २०२४
फुले संपली. अकरा दिवस. चौथऱ्यावर निळा चुरा, दुसऱ्या दिवशी त्याचाही तपकिरी झाला. नंतरची भर: फळे तीन धरली, मेपर्यंत दोन राहिली. नंतर एक. मग तेही दिसेना.

२ मार्च २०२५
उंची १.९ मीटर. या वर्षी मोजायला बसले आणि त्रेसष्ट झुबक्यांवर सोडून दिले. कुंडीतले एक रोपही फुलले, चार झुबके, तरी ते दिसायला अजून पोरच.

सकाळी नऊच्या सुमाराला सातेरी मधमाश्या आल्या. मागच्या वर्षी एकही पाहिली नव्हती. महाबळेश्वरच्या मधपाळांना अंजनी चांगली माहीत आहे, जांभूळ, हिरडा, गेळा यांच्याबरोबर तिथल्या मधात हिचाही वाटा असतो. इथे माश्या कुठून आल्या? जवळपास कुठे पोळे असणार, मी कधी पाहिलेले नाही. दहा मिनिटांत एका झुबक्यावर सात फेऱ्या मोजल्या. अकराच्या पुढे ओसरल्या.

१८ मे २०२५
हिरवी फळे भरपूर, जून फांदीला मण्यांसारखी लगडलेली. एकच झुबका पण त्यात हिरवे, पिवळट, तांबूस आणि एखादे काळे, सगळे एकदम. पाऊस लवकर येणार म्हणतात. जाळी टाकू का, असे मनात आले होते. मग २०१६ ची यादी काढून पाहिली. पाखरांसाठी म्हणून लावले आणि आता जाळी?

१ जून २०२५
शिपाई बुलबुल, जोडी. सकाळी सहा ते सात त्यांचे, मग आमचे. एक फळ चोचीत धरतो, मान मागे टाकतो, अख्खे गिळतो. टाकीच्या झाकणावर जांभळे डाग. सासूबाईंनी टाकी घासायला मला सांगितले नाही, स्वतःच घासली, आणि डाग अर्धे राहू दिले.

१५ जून २०२५
बुलबुलांकडून सुटलेली एकतीस फळे वेचली. काकांना दहा, शेजारी दोन घरांनी रोप मागून ठेवले आहे. ट्रे भरला: जांभा, पानांचे खत, वाळू. पट्टीवर पेन्सिलीने पूर्ण नाव, "मेमेसायलॉन अम्बेलॅटम", आणि खाली "अंजन नव्हे".

बियांवरचा गर बोटांनी नीट निघत नव्हता. न्हाणीघराच्या खिडकीत तो जुना ब्रश अजून होता. त्याने मस्त निघाला.